‘टेन्शन घेऊ नका’ म्हणून भागत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मानसिक ताणाविषयी वर्तमानपत्रांच्या आरोग्य पुरवण्यांत हल्ली बरेच छापून येते, याचा आनंद आहे. पण त्यातला बहुतेक मजकूर ‘सकारात्मक राहा’, ‘स्वतःसाठी वेळ काढा’, ‘टेन्शन घेऊ नका’ यापुढे सरकत नाही. पाककृतीच्या पानावर साबुदाणा किती तास भिजवायचा हे दिलेले असते, चिंतेच्या पानावर मात्र कृतीच नसते. समुपदेशनाच्या कामात असलेले आम्ही काही वाचक ती कृती प्रमाणासह देत आहोत. (चिंता आणि चिता यांतला अनुस्वाराचा दाखला आता रजेवर पाठवावा. तो ऐकून कोणाची चिंता कमी झाल्याचे ऐकिवात नाही.)

‘मनातून काढून टाक’ हे सांगणे निरुपयोगी का, ते आधी पाहू. १९८७ साली अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेगनर यांनी विद्यार्थ्यांना बजावले, पाच मिनिटे पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही, आणि आलाच तर घंटी वाजवायची. घंट्या वाजत राहिल्या. पुढे विचार करण्याची मुभा मिळाल्यावर तर या विद्यार्थ्यांच्या मनात अस्वल जास्तच आले. विचार दाबायचा तर तो आला का, हे मनाला सतत डोकावून पाहावे लागते, आणि त्या डोकावण्यातच तो परत येतो. तेव्हा चिंतेला बंदी घालण्याऐवजी तिला वेळ नेमून द्यावी. थॉमस बोर्कोवेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये मांडलेली ही रीत घरी कोणालाही करता येते.

साधी शंभर पानी वही घ्या. रोज संध्याकाळची एकच ठरलेली अर्ध्या तासाची वेळ आणि एकच जागा निवडा. समजा साडेसहा, गॅलरीतली खुर्ची. पलंग नको, जेवणाची जागाही नको. नाहीतर त्या जागेशीच चिंता जोडली जाते. दिवसभरात काळजी डोके वर काढेल तेव्हा तिची फक्त एक ओळ टिपायची, ‘हप्ता’, ‘बाबांची साखर’, ‘साहेब असं का बोलले’, आणि स्वतःला सांगायचे, साडेसहाला बघू. मग हातातले काम पुढे. साडेसहाला वही उघडून एकेक ओळ वाचायची. काही ओळी तोवर निवलेल्या असतात, त्यांवर काट मारायची. उरलेल्यांसाठी पानाच्या मधोमध रेघ मारून दोन रकाने करायचे : ‘माझ्या हातातले’ आणि ‘हातात नसलेले’.

खरे काम पहिल्या रकान्यात आहे आणि बहुतेकांचे चुकतेही तिथेच. ‘तब्येतीकडे लक्ष देणे’ ही कृती नव्हे, तो संकल्प झाला. ‘गुरुवारी सकाळी बाबांना उपाशीपोटी लॅबमध्ये न्यायचे, जुना रिपोर्ट सोबत घ्यायचा’ ही कृती. तिच्यात क्रियापद हवे, वार-वेळ हवी आणि ती एका दमात होणारी हवी. हप्त्याचेच उदाहरण घेऊ. ‘कर्जाचं काय होणार’ ही ओळ रात्रभर छळू शकते. तिच्याखाली आकडे मांडा : १० तारखेला १४,३०० कापले जाणार, खात्यात ९,०००, तूट ५,३००. आता प्रश्न सगळ्या कर्जाचा राहिला नाही, ५,३०० रुपयांचा झाला. त्याला दोन-तीन वाटा असतात, उसने घेणे, एखादी भिशी उचलणे, नाहीतर ८ तारखेच्या आत शाखेत जाऊन बोलणे. हप्ता परत गेल्यावर जाण्यापेक्षा आधी गेलेले बरे, कारण परत गेला की बहुधा आपली बँक आणि कर्ज देणारी संस्था दोघीही दंड लावतात. यातली एक वाट वहीत लिहायची, ‘उद्या साडेअकरा, शाखा’, आणि वही मिटायची.

दुसऱ्या रकान्याला वेगळी रीत लागते. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात ते खरेच, पण मन चिंतते तेही अर्धवट. गोष्ट दुसऱ्या पायरीवर अडकते आणि तिथेच घिरट्या घालते. ‘तिला प्रवेश नाही मिळाला तर?’ यापुढे विचार जातच नाही. लिहिताना तो पुढे न्यायचा. मग काय होईल? दुसऱ्या फेरीची वाट पाहावी लागेल. मग? कदाचित शाखा बदलावी लागेल. मग? तिला वाईट वाटेल, आम्हालाही वाटेल, नातेवाईक चौकशा करतील. मग? चार-पाच ‘मग’नंतर शेवट सापडतो. तो सुखाचा असेलच असे नाही, पण बहुतेक वेळा सोसण्याजोगा असतो.

इथे मराठीची एक सोय कामी येते. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली आणि महाराष्ट्रात कि. मो. फडके यांनी रुजवलेली विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धती सांगते की आपल्याला घटनेपेक्षा तिच्यावर लादलेली सक्ती जास्त त्रास देते. ती सक्ती मराठीत एका अक्षरात पकडता येते : ‘च’. ‘प्रवेश मिळायलाच हवा’, ‘त्यांनी असं बोलायलाच नको होतं’, ‘माझ्याकडून चूक होताच कामा नये’. लिहिलेल्या वाक्यांतले ‘च’ लाल पेनाने खुडा आणि वाक्य परत लिहा : ‘प्रवेश मिळाला तर फार बरं. नाही मिळाला तर त्रास होईल, पण तो झेपेल.’ वाक्य बदलले तरी इच्छा तितकीच तीव्र राहते. छाती मात्र आवळत नाही. (व्याकरणाच्या शिक्षकांनी क्षमा करावी, सगळेच ‘च’ दोषी नसतात.)

ही वही बहुधा पहिल्या आठवड्यात बंद पडते. वेळ रोज सरकते, किंवा रात्री दहाला अंथरुणात ती उघडली जाते, किंवा घरातले कोणीतरी वाचते. वही कपाटात ठेवावी, आणि घरच्यांनी तिला हात लावू नये. पहिले तीन-चार दिवस सगळे एकदम कागदावर उतरल्यामुळे उलट जड वाटू शकते. दोन आठवडे तरी द्यावेत. अर्धा तास संपला की मुद्दाम दुसऱ्या कामाला लागावे. भाजी निवडा, पायी चक्कर मारा, नातवाचा पाढा घ्या.

झोपेचे थोडे वेगळे आहे. अंथरुणात चिंतेची वही न्यायची नाही, पण उद्याच्या कामांची यादी पाच मिनिटे करायला हरकत नाही. अमेरिकेतील बेलर विद्यापीठाने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका छोट्या प्रयोगात, झोपण्याआधी उद्याची कामे लिहिणाऱ्यांना झालेली कामे लिहिणाऱ्यांपेक्षा सरासरी नऊएक मिनिटे लवकर झोप लागली. यादी जितकी नेमकी, तितकी झोप लवकर. ‘बँकेचं काम’ असे न लिहिता ‘पासबुक भरून घेणे, नॉमिनीचा फॉर्म’ असे लिहावे.

मध्यरात्री जाग आली आणि साधारण वीस मिनिटांत डोळा लागला नाही, तर उठून दुसऱ्या खोलीत बसावे. वीस मिनिटे अंदाजाने धरायची. घड्याळ बघितले की ‘आता चारच तास उरले’ हे गणित सुरू होते, म्हणून घड्याळ भिंतीकडे फिरवून ठेवलेले बरे. मंद दिव्यात एखादे कंटाळवाणे काम करावे. जुनी वर्तमानपत्रे लावणे चालेल (आपले सोडून). पेंग आल्यावर परतावे. झोप येवो न येवो, उठण्याची वेळ रोज तीच. मोबाइल हातात घेतला की आधी किती वाजले ते दिसते, मग निरोप, मग खात्यातली शिल्लक. त्यामुळे तो स्वयंपाकघरात चार्जिंगला लावावा आणि गजरासाठी साधे घड्याळ आणावे. वामकुक्षी वीस मिनिटांची आणि तीनच्या आत असावी. पुण्याच्या एक ते चारला आमचा विरोध नाही, पण रात्रीची तक्रार घेऊन येणाऱ्यांनी आधी दुपार तपासावी.

आता श्वास. ‘दीर्घ श्वास घ्या’ हा सगळ्यांत जास्त दिला जाणारा आणि सगळ्यांत चुकीचा केला जाणारा उपाय आहे. घाबरलेला माणूस आधीच गरजेपेक्षा जास्त हवा आत-बाहेर करत असतो. त्याला मोठमोठे श्वास घ्यायला लावले की रक्तातला कार्बन डायऑक्साइड आणखी कमी होतो, मग ओठांभोवती आणि बोटांना मुंग्या येतात, डोके हलके होते, आणि ‘मला नक्कीच काहीतरी होतंय’ ही भीती दुप्पट होते. भर द्यायचा तो श्वास सोडण्यावर. नाकाने चार अंक मोजत आत, सहा अंक मोजत बाहेर, मध्ये रोखायचे नाही. एक अंक साधारण एका सेकंदाचा. असे मिनिटाला सहा श्वास होतात, ते पाच मिनिटे करावेत. एक हात छातीवर, एक पोटावर ठेवा. पोटावरचा हात हलला पाहिजे, खांदे उचलले गेले तर चुकतेय. चार-सहा जमत नसेल तर तीन-चारने सुरुवात करा. घाबरे झालेले असताना कपालभाती मुळीच करू नये. आणि हा सराव शांत असताना, दिवसातून दोनदा, दोन आठवडे आधी झालेला हवा. ऐन वादात किंवा परीक्षेच्या दारात पहिल्यांदा केला तर तो हमखास फसतो.

ज्यांना अंक मोजणे रुक्ष वाटते त्यांनी खुशाल माळ घ्यावी. इटलीतील संशोधकांनी २००१ मध्ये दाखवले होते की लॅटिनमधली ‘आवे मारिया’ प्रार्थना किंवा योगमंत्र संथपणे म्हणताना श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास येतो. आजीचा सावकाश जप शरीराला शांत का करतो, याचा थोडा उलगडा यात मिळतो. आता श्रद्धा नसणाऱ्यांनाही माळ वापरायला कोणी अडवलेले नाही.

चहाबद्दल लिहिले की वाचक नाराज होतात, तरी लिहितो. धडधड, हाताला कंप, अस्वस्थता ही चिंतेची लक्षणे जास्त कॅफिननेही होतात. शरीरातले निम्मे कॅफिन जायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे संध्याकाळी सहाच्या कपातले निम्मे रात्री अकरालाही अंगात असते. दिवसाला पाच-सहा कप होत असतील तर एकदम बंद करू नये, डोके ठणकते. दर तीन दिवसांनी एक कप कमी करावा आणि दुपारी तीननंतरचा आधी सोडावा. तंबाखू-मिश्रीने ‘बरं वाटतं’ ते मुख्यतः आधीच्या चिमटीची तलफ भागल्यामुळे. निकोटीन स्वतः नाडी वाढवते. दारूने झोप लवकर लागते पण उत्तररात्री मोडते, आणि चिंता नेमकी तेव्हाच दार ठोठावते.

घरच्यांसाठी दोनच सूचना. ‘पोचलास का?’ हा फोन एकदाच, तोही आधी ठरवून : पोचल्यावर त्याने एक निरोप टाकायचा. दर तासाच्या खात्रीने काळजी शमत नाही, तिला खात्रीची चटक लागते. आणि कोणी मन मोकळे करू लागले तर उपाय सुचवण्याआधी विचारावे, ‘नुसतं ऐकू, की काही करायचंय?’

सगळेच मनावर ढकलू नये, हेही सांगायला हवे. चालताना-जिना चढताना छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, दरदरून घाम असे झाले तर ‘टेन्शन असेल’ म्हणत घरी बसू नये. १०८ ला फोन करावा आणि ईसीजी काढावा. काही आठवडे चाललेल्या धडधडीत आणि थकव्यात थायरॉईड व हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. शेजाऱ्याची झोपेची गोळी घेऊ नये, आणि डॉक्टरांनी दिलेली बराच काळ घेत असाल तर ती आपल्या मनाने एकदम थांबवू नये.

वहीने, श्वासाने दोन आठवड्यांत फरक नसेल, जेवण-झोप-काम बिघडले असेल, किंवा जगणे नकोसे झाल्याचा विचार एकदाही आला असेल, तर घरगुती उपायांवर थांबू नये. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६, चोवीस तास, मोफत, मराठीतूनही बोलता येते. टोक गाठल्यावरच फोन करावा असे काही नाही, ‘झोप येत नाही’ एवढे कारण पुरते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजारालाही शारीरिक आजाराप्रमाणेच विमा देणे बंधनकारक आहे. आपल्या पॉलिसीच्या कागदात ते पाहून घ्यावे.

संपादक महोदय, आत्महत्येच्या बातमीखाली हा क्रमांक छापण्याची पद्धत आता काही ठिकाणी दिसते. आमची विनंती आणखी एका जागेसाठी आहे. दहावी-बारावीच्या निकालाच्या दुसऱ्या दिवशी गुणवंतांच्या छायाचित्रांनी पान भरते. त्याच पानावर, त्या छायाचित्रांच्या शेजारी, वाचता येईल एवढ्या ठळक अक्षरांत १४४१६ छापावा.

आपले,
समुपदेशन क्षेत्रात काम करणारे काही वाचक,
सातारा