लेगस्पिनरला दुसरी ओव्हर द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

१४ वर्षांखालील मुलांच्या स्पर्धेचा निकाल आपण गेल्या आठवड्यात छापलात. त्यात ३४ धावांसाठी माझ्या नातवाचे नाव आले. सुनेने लगेच कात्रण कापून ठेवले. पण हा मुलगा लेगस्पिन, म्हणजे मनगटाने वळवायची फिरकी, टाकतो, हे त्या बातमीवरून कुणालाच कळणार नाही. अख्ख्या सामन्यात त्याला एकच ओव्हर मिळाली. पहिले दोन बॉल फुलटॉस पडले, दोन्हींवर चौकार गेले. चौथा मात्र लेगस्टंपवर पडला आणि असा वळला की बॅट्समनही चुकला, किपरही चुकला. चार बाय गेले. ओव्हर संपली तसा सरांनी बाउंड्रीवरूनच हात केला, "तू पॉइंटला थांब." सामन्यानंतर त्याला सांगण्यात आले, "बॅटिंगवर लक्ष दे. टाकायचाच असेल तर सपाट टाक."

त्या चौथ्या बॉलबद्दल कुणी एक शब्द काढला नाही, म्हणून हे पत्र.

मी ७० वर्षांचा आहे. मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर दिवाणजी म्हणून माझी उमर गेली आणि रविवारी मी मॅटवर लेगस्पिन टाकत असे. शनिवारच्या सौद्याची हळद बोटांत इतकी मुरलेली असायची की नव्या बॉलच्या शिवणीवर पिवळे डाग उमटत. लेगस्पिन सगळी त्याच बोटांत असते. पहिली दोन बोटे शिवणीवर आडवी, तिसरे दुमडून शिवणीला टेकलेले, आणि बॉल सुटताना त्या तिसऱ्या बोटाने हिसका द्यायचा, मनगट फिरवायचे. हे रोज शंभर वेळा केले तरी पाचातला एक बॉल आखूड किंवा फुलटॉस पडतोच. वर्ष-दोन वर्षे पडतो. सपाट टाकायला लागले की मनगट मिटते आणि पुन्हा उघडत नाही. असे मिटलेले पाच-सहा चांगले मुलगे माझ्या डोळ्यांदेखत होऊन गेले. आज ते सगळे नुसते बॅट्समन आहेत.

माझे दैवत चंदू बोर्डे. १५ ऑक्टोबर १९६४, दसऱ्याचा दिवस होता. मी नऊ वर्षांचा. वडिलांचे बोट धरून गावभागातल्या एका हॉटेलात रेडिओसमोर उभा होतो. मुंबईत ब्रेबॉर्न स्टेडियमवर ऑस्ट्रेलियाविरुद्ध २५४ धावा हव्या होत्या, आठ जण बाद झाले होते आणि बोर्डे खेळत होते, सोबतीला इंद्रजितसिंहजी. कॉमेंट्री इंग्रजीत, वडील ऐकून सांगत. जिंकलो तेव्हा ज्याच्या त्याच्या हातात आपट्याची पाने होती. अनोळखी माणसे एकमेकांना सोने देऊन गळ्यात पडत होती. बोर्डे ३० वर नाबाद राहिले.

बोर्डे पुण्याचे, महाराष्ट्राकडून खेळलेले. ५५ कसोटींत ३०६१ धावा, पाच शतके. १९५९ च्या दिल्ली कसोटीत वेस्ट इंडिजच्या वेगवान माऱ्यापुढे १०९ आणि ९६, त्यातही ९६ वर हिट विकेट. मद्रासला पाकिस्तानविरुद्ध नाबाद १७७. हे सगळे ठाऊक असते लोकांना. पण १९६१-६२ मध्ये इंग्लंडला आपण पहिल्यांदा मालिकेत हरवले, तेव्हा सलीम दुराणींच्या डावखुऱ्या फिरकीला दुसऱ्या बाजूने साथ होती ती बोर्डेंच्या लेगस्पिनची. कसोटीत त्यांचे बळी ५२ आणि सरासरी ४६ च्या पुढे. आकडा बघणारा म्हणेल, कामचलाऊ बॉलर. पण प्रथम श्रेणीत ३३१ बळी आहेत, तेही सत्तावीसच्या सरासरीने, आणि धावा १२,८०५. चौकार बसला तरी पुन्हा बॉल हातात देणारे कर्णधार त्यांना मिळाले, म्हणूनच हे ३३१ झाले, असे मी मानतो.

आपल्या पिढीसाठी ऑस्ट्रेलियाचा लेगस्पिनर शेन वॉर्नचे घ्या. जानेवारी १९९२ मध्ये सिडनीत पहिल्या कसोटीत त्याने १५० धावा दिल्या आणि एकच बळी घेतला, रवी शास्त्रींचा, तोही शास्त्रींच्या २०६ झाल्यावर. त्याला त्याच दिवशी पॉइंटला उभे केले असते तर? पुढे ७०८ बळी झाले आणि बॅटने ३१५४ धावाही.

सांगलीच्या मैदानांवर मला सर्वांत जास्त खुपते ते वेगळेच आहे. सरावाला याच मुलाकडून नेटमध्ये तास-तासभर बॉलिंग करून घेतात, मोठ्या मुलांना बॅटिंग मिळावी म्हणून. सामन्यात एक ओव्हर आणि नेटमध्ये पंधरा! तेरा वर्षांचा खांदा आहे तो. रात्री आजी त्याला तेल चोळते तेव्हा तो हात पूर्ण वर नेत नाही, मी बघतो. बोर्डेंची बॉलिंग खांद्याच्या दुखापतीनेच बंद झाली. १९६९ पर्यंत ते कसोटी खेळले, पण शेवटची वर्षे निव्वळ फलंदाज म्हणून. एवढा मोठा अष्टपैलू अर्धा झाला, तिथे आमच्या पोरांचे काय? सामन्यात टाकू द्या आणि नेटमध्ये ओव्हर मोजा.

सुट्टीच्या स्पर्धा आता सुरू होतील. संयोजकांना हात जोडून विनंती आहे, चौदा आणि सोळा वर्षांखालच्या गटात मनगटाने फिरकी टाकणाऱ्या मुलाला निदान तीन ओव्हर मिळतीलच असे नियमात लिहा. हे वय निकालासाठी नाही, शिकण्यासाठी आहे. ज्या सांगलीत विजय हजारे जन्मले, क्लॅरी ग्रिमेटसारख्या लेगस्पिनरने ज्यांना धडे दिले, त्या गावाला हे अवघड वाटू नये.

आणि संपादक महोदय, एक मागणी आपल्याकडेही. स्थानिक सामन्यांच्या निकालात आपण फक्त धावा करणाऱ्यांची नावे देता. बॉलिंगही द्या. तीन ओव्हर, २६ धावा, एक बळी, असे असले तरी छापा. ते कात्रणही आम्ही जपून ठेवू.

आपला,
एक जुना लेगस्पिनर,
गावभाग, सांगली