आई, चाक आलं नसतं तर काय

आई, बाबा,

उतरताना आमच्या विमानाच्या पुढच्या चाकाचा दिवा लागला नाही, ते कळल्यावर परवा फोनवर आईनं एकच विचारलं, "चाक आलंच नसतं तर?" आणि आजूबाजूला लोक होते, आईचा आवाज रडवेला झालेला, नीट बोलताच आलं नाही. म्हणून सगळं लिहितेय. बाबा, तिला शांतपणे वाचून दाखवा.

आमच्या छोट्या जेटला तीन चाकं, पुढे एक, मागे पंखांपाशी दोन. हँडल खाली केलं की हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या, प्रेशरनं ती बाहेर येतात आणि लॉक होतात, लॉक झालं की समोर एकेक हिरवा दिवा लागतो. त्या दिवशी दोनच लागले. पुढच्या चाकाचा लागला नाही आणि लाल दिवा विझेना. आता लाल दिवा म्हणजे चाक मोडलं असं नाही हं आई, चाक लॉक झाल्याचा सिग्नल आला नाही एवढाच त्याचा अर्थ. बाबांना हे माहितीय, धागा तुटला की माग आपोआप थांबतो, पण कितीदा तरी धागा शाबूत असतो आणि तिथं नुसती रुई अडकलेली असते. बघितल्याशिवाय कळत नाही.

फक्त विमान थांबवून बघता येत नाही, त्यामुळं पहिलं काम दिव्याचं नसतं, विमान नीट उडवत ठेवायचं असतं. कॅप्टननी लगेच "गो अराउंड" म्हटलं, म्हणजे उतरणं सोडून परत वर जायचं, पॉवर दिली, आम्ही वर आलो, टॉवरला सांगितलं, त्यांनी एका बाजूला फिरत राहायला जागा दिली. मग वाटणी झाली, ते फक्त उडवणार आणि मी चेकलिस्ट वाचणार, दोघांनी मिळून दिव्यात डोकं घालायचं नाही. हा नियम लोकांचे जीव गेल्यावर आलाय. 1972 च्या डिसेंबरात अमेरिकेत मायामीजवळ ईस्टर्न एअरलाइन्सचं मोठं जेट पुढच्या चाकाच्या दिव्याचा बल्ब गेला म्हणून फिरत होतं, कॉकपिटमधले सगळे त्या बल्बच्या मागे लागले, ऑटोपायलटनं उंची धरून ठेवली होती ती सुटली, विमान खाली येत गेलं ते कुणाला कळलंच नाही आणि ते दलदलीत पडलं, शंभरच्या वर माणसं गेली. चाक खाली आलेलं होतं. 1978 मध्ये पोर्टलँडला चाकाच्याच भानगडीत फिरता फिरता एका विमानाचं इंधन संपलं, दहा जण गेले. ट्रेनिंगमध्ये हे दोन्ही आम्हाला इतक्यांदा शिकवलंय की मी चेकलिस्ट उघडायच्या आधी किती वाजेपर्यंत फिरायचं ते कागदावर लिहून ठेवलं. इंधन भरपूर होतं, तरीही.

मग एकेक करत गेलो. बल्ब टेस्ट केला, चांगला होता. सर्किट ब्रेकर बघितले, जागेवर होते. शेवटी इमर्जन्सी हँडल. ते ओढलं की चाकाला वर धरून ठेवणारे हूक सुटतात आणि चाक स्वतःच्या वजनानं खाली पडतं, तेवढ्यानं लॉक झालं नाही तर नायट्रोजनची बाटली असते, तिच्या प्रेशरनं ते ढकललं जातं. बराच जोर लावून ओढायला लागतं ते. हिरवा लागला नाही. मग नायट्रोजन सोडला, पायाखाली धप्प असा आवाज आला, फ्लोअर हादरलं आणि तिसरा हिरवा लागला. आई, त्या क्षणी मला सिद्धेश्वर आठवला, खोटं नाही सांगत.

तरी फायर टेंडर, आगीचे बंब, तयारच ठेवले होते. एकदा नायट्रोजन वापरला की चाकं परत वर घ्यायची नसतात, म्हणून रनवेवरच थांबलो, इंजिनिअर लोकांनी चाकं मिटू नयेत म्हणून पिना लावल्या आणि विमान ओढून नेलं. पॅसेंजर आपापल्या पायांनी चालत गेले.

आता आईचा प्रश्न. चाक आलंच नसतं तर? मागच्या दोन चाकांवर उतरलो असतो, जमेल तेवढा वेळ नाक वर धरलं असतं आणि शेवटी हळू झाल्यावर नाक रनवेला घासलं असतं. विमानाचं नुकसान झालं असतं, पण माणसं वाचायची शक्यता खूप जास्त असते. 2011 मध्ये वॉर्साला पोलंडचं मोठं बोइंग एकही चाक न येता पोटावर उतरलं, आत 231 लोक, सगळे वाचले. आणि 2024 च्या ऑक्टोबरात त्रिचीवर ते एअर इंडिया एक्सप्रेसचं विमान दोन तासांवर घिरट्या घालत होतं, टीव्हीवाले ओरडत होते, आठवतं ना? हायड्रॉलिकचा बिघाड होता आणि इतका वेळ फिरले ते इंधन कमी करून हलकं होऊन उतरायला. बाहेरून बघणाऱ्याला तो वेळ भयंकर वाटतो, आत मात्र तोच वेळ कामाचा असतो.

आई, नोकरी सोड म्हणालीस. नाही सोडणार गं. मला हे काम मनापासून आवडतं आणि त्या दिवशी आम्ही दोघांनी ते नीट केलं.

डीजीसीएला, म्हणजे विमानांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी खात्याला, रिपोर्ट गेलाय, विमान अजून हँगरमध्ये आहे, त्यामुळं मला दोन-तीन दिवस सुट्टी मिळेल असं वाटतंय. मिळाली तर गोव्याहून सोलापूरच्या फ्लाइटचं बघते, नाहीतर ट्रेननं येईन. बाबा, होटगी रोडला विमानतळावर न्यायला येऊ नका, ऊन फार आहे, मी रिक्षानं येते. आणि बीपीची गोळी चुकवू नका.

तुमची,
मनू