भोसरीच्या लेथवाल्या काकांना

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

आमच्या चेंबरने अखेर व्हॅक्यूम धरला, बाहेरची हवा आत शिरणं थांबलं. फोनवर सांगितलं खरं, पण मशीनच्या आवाजात आभार मानायचे राहून गेले. म्हणून हे पत्र, सगळ्यांना वाचता येईल असं.

तुम्ही विचारलं होतंत, "ताई, एवढ्याशा भांड्यात करणार काय?" तेव्हा घाईत होते, आता नीट सांगते. दगडात पोटॅशियम-४०, म्हणजे पोटॅशियमचा किरणोत्सारी प्रकार, असतं. ते फार सावकाश मोडतं. निम्मं संपायला सुमारे १२५ कोटी वर्षं लागतात. त्यातल्या साधारण दहा टक्क्यांचा आरगॉन वायू होतो आणि दगडातच अडकतो. आम्ही लेझरने बारीक खड्डा पाडतो, ठिणगीच्या उजेडावरून पोटॅशियम मोजतो आणि सुटलेला आरगॉन चेंबरमध्ये मोजतो. त्यावरून दगडाचं वय निघतं. नासाच्या 'क्युरिऑसिटी' या फिरत्या यानाने मंगळावरच्या एका दगडाचं वय याच पोटॅशियम-आरगॉनच्या हिशेबाने काढलं, २०१३ मध्ये: ४२१ कोटी वर्षं, पण ३५ कोटी इकडेतिकडे. तेही दुसऱ्याच कामांसाठी नेलेल्या उपकरणांवर. खास याच कामाचं, यानात मावेल असं यंत्र करायला नासाच्या गोडार्ड केंद्रात बार्बरा कोहेन यांच्या गटाने बरंच काम केलं आहे. आमचं टेबलावरचं यंत्र त्याच वाटेवरचं.

अडचण अशी, की आपल्या हवेतही जवळपास एक टक्का आरगॉन आहे, आणि बहुतेक सगळा दगडात तयार होतो तोच, आरगॉन-४०. चेंबर किंचित गळला, तरी दगड आहे त्याहून म्हातारा दिसतो. तीन आठवडे मी पंपालाच दोष देत होते. बाहेरून मागवलेला फ्लँज, म्हणजे चेंबरच्या जोडावरचं धातूचं कडं, तुम्ही ट्यूबलाइटखाली तिरका धरलात, धारेवरून नख फिरवलंत आणि म्हणालात, "गोल रेषा चालतात. हा ओरखडा आडवा आहे, इथूनच गळणार." मला तो भिंगातूनही धड दिसला नव्हता. पाळी संपली होती, तरी तुम्ही जॉब परत बांधलात, दोन हलके कट मारलेत. बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळायचे हेही हातात पाना देऊन शिकवलंत. नवं तांब्याचं गॅस्केट लावून रात्रभर पंप चालवला. सकाळी जोडावर बाहेरून हीलियम फवारून पाहिला, गळती दाखवणारा काटा हलला नाही.

काका, ते नख माझ्या कायम लक्षात राहील.

सोबत गुलाबी ग्रॅनाइटचा तुकडा पाठवते आहे. त्यावरचे ठिपके म्हणजे लेझरचे खड्डे. अगदी कडेचा आहे ना, तो तुमचा फ्लँज लावल्यावरचा पहिला.

आपली,
चेंबरवाली ताई