नॉर्थ अल्बनी स्ट्रीटवर नेणाऱ्या काकांना

प्रिय काका,

पत्र मराठीत लिहितोय. तुम्ही माझ्यासाठी काय केलंत ते माझ्या घरच्यांनाही कळू दे. तुम्हाला भेटीत वाचून दाखवीन.

अमेरिकेतल्या इथाकातली माझी ती पहिलीच थंडी. कॉर्नेल विद्यापीठ सोडून कोल्हापूरला परतायचं मी जवळजवळ ठरवलं होतं. बार्न्स हॉलसमोरच्या स्मारकापाशी बसलो होतो. तुम्ही शेजारी येऊन टेकलात, जेवलास का म्हणून विचारलंत आणि गाडीत बसवून उतारावरून खाली ४२१, नॉर्थ अल्बनी स्ट्रीटला, अल्फा फाय अल्फा या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या संघटनेच्या इतिहासाशी जोडलेल्या घराकडे नेलंत.

१९०४-०५ मध्ये कॉर्नेलात शिकणारे सहा कृष्णवर्णीय विद्यार्थी पुढच्या वर्षी परत आलेच नाहीत, हे तुम्ही मला तिथे सांगितलंत. मागे उरलेली मुलं एकमेकांना धरून राहायला लागली. त्यांच्यातले काही गोऱ्यांच्या फ्रॅटर्निटीत, म्हणजे विद्यार्थ्यांच्या बंधुमंडळाच्या घरी, वाढप्याचं काम करत. त्या घरांत त्यांना सभासद मात्र होता येत नसे. आधी नुसतं वाचनमंडळ होतं. ते चालवणाऱ्या पॉइंडेक्स्टरना फ्रॅटर्निटी नको होती, बाकीच्यांना हवी होती. अखेर ४ डिसेंबर १९०६ रोजी अल्फा फाय अल्फाचा पहिला चॅप्टर, म्हणजे पहिली शाखा, उभी राहिली. कॅलिस, चॅपमन, जोन्स, केली, मरे, ओगल, टँडी. संस्थापकांची ही सात नावं तुम्ही परवचा म्हणावा तशी म्हणालात. त्या सातांत पॉइंडेक्स्टर नाहीत, पण त्यांचं नाव तुम्ही मुद्दाम घेतलंत. या मुलांना बसायला आपलं घर उघडून देणाऱ्या न्यूटन आणि सिंगलटन कुटुंबांचंही घेतलंत. मला तेच सगळ्यांत जास्त भिडलं.

मी बोर्डिंगात वाढलेला मुलगा. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात एकेका समाजाच्या मुलांसाठी वसतिगृहं उभी केली, म्हणून आमच्या घरात शिक्षण आलं. कॉलेजात नाव घातलं तरी रात्री पाठ टेकायला जागा आणि ताटावर सोबत नसेल तर पोर टिकत नाही, हे मला माहीत होतं. तरी इथे कुणाकडे काही मागायची मला लाज वाटत होती. तुम्ही ती मोडलीत. त्या रात्री तुमच्या घरी जेवलो आणि पुढे दर गुरुवारी जेवत राहिलो. मावशींच्या हातच्या भाजलेल्या रताळ्यांची चव अजून जिभेवर आहे.

मे महिन्यात माझा पदवीदान समारंभ आहे. आई येतेय. तिला आधी नॉर्थ अल्बनी स्ट्रीटला न्यायचंय, आणि ती सात नावं तुमच्याच तोंडून ऐकवायचीत. गुरुवारच मोकळा ठेवाल ना?

तुमचा,
कोल्हापूरचा मुलगा