अण्णांची लघवी जपायला हवी

राजारामपुरी, कोल्हापूर

प्रिय भावा,

परवा फोनवर तू विचारलंस, पोटाचं डायलिसिस सुरू झालंय, मग अण्णांची लघवी कशाला मोजायची? आईच्या डायलिसिसच्या पाण्याच्या पिशव्या बदलताना मला सगळ्यात जास्त मोल कळलं ते याच गोष्टीचं, म्हणून सविस्तर लिहितो.

अण्णांच्या किडन्या पुरत्या बंद पडलेल्या नाहीत. दिवसाला अर्धा-पाऊण लिटर लघवी अजून होते. दिवसभरात पोटात सोडून काढायच्या दोन-दोन लिटरच्या चार पिशव्या रक्तातली युरिया, क्रिएटिनिन ही घाण काढतात, पण आकाराने मोठी विषद्रव्यं, फॉस्फरस, मीठ-पाणी बाहेर टाकायला ती उरलीसुरली किडनी लई कामाची. कॅनडा-अमेरिकेतल्या ‘कॅनुसा’ अभ्यासाचे आकडे २००१ मध्ये पुन्हा तपासले, तेव्हा रोजची लघवी २५० मिलीने जास्त असलेल्यांत मृत्यूचा धोका ३६ टक्क्यांनी कमी दिसला. पिशव्यांनी होणाऱ्या रक्ताच्या सफाईचा तसा फायदा दिसला नाही. २००२ साली मेक्सिकोतल्या चाचणीतही पिशव्यांचा डोस वाढवून आयुष्य वाढलं नाही. पिशव्या चुकवायच्या नाहीतच, पण त्यांच्या भरवशावर किडनी वाऱ्यावर सोडायची नाही.

आता अण्णांचा तो वाढलेला सीआरपी, म्हणजे अंगातली सूज दाखवणारा रक्तातला घटक. ताप नाही, ठणका नाही, तरी आत सूज धुमसत असते. सीआरपी जास्त असलेल्यांची किडनी लवकर आटते असं आढळलंय. आणि ती आटली की सूज वाढवणारी द्रव्यं रक्तात साचतात, पाणी साठतं, हृदयावर ताण येतो, भूक मरते, रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन घसरतं. दोघं एकमेकांना खाली ओढतात. म्हणून ‘डायलिसिसवाल्यांचा सीआरपी असतोच वाढलेला’ हे उत्तर मला पटत नाही. पोटातल्या डायलिसिसच्या नळीच्या तोंडाशी लाली आहे का, हिरड्या सुजल्यात का, साखरेमुळे पायाला जखम आहे का, हे डॉक्टरांना बघायला लाव.

एक गोष्ट तुला माहीत नसेल. अण्णा गुडघ्यासाठी कोपऱ्यावरच्या मेडिकलमधनं दुखण्याच्या गोळ्या आणतात. त्यांच्या उशाशी पाकीट बघितलं नि पोटात धस्स झालं. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन उरलेल्या किडनीच्या मुळावर येतात. माझं ऐकत नाहीत, तू पोरगा आहेस, तू सांग. सीटी स्कॅनचा डाय, जेंटामायसिनसारखी जंतू मारणारी इंजेक्शनं आधी किडनीच्या डॉक्टरांना विचारूनच. जुलाब-उलट्या झाल्या तर लगेच कळवायचं, अंगातलं पाणी एकदम कमी झालं की किडनीला तडाखा बसतो. बीपीची रॅमिप्रिलसारखी गोळी त्यांना चालेल का तेही विचार. हाँगकाँगमध्ये २००३ साली अशाच रुग्णांत तिने किडनी जास्त टिकली होती. पोटॅशियमवर मात्र लक्ष ठेवावं लागतं.

पोटातनं आलेलं पाणी गढूळ दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही. ती पिशवी तशीच घेऊन दवाखाना गाठायचा. पोटाच्या पडद्याला जंतुसंसर्ग झाला की सूज भडकते आणि लघवी झपाट्याने घटू शकते. वहिनींना हात धुणं, मास्क, पंखा बंद, सगळं पाठ आहे. त्यांचं फार कौतुक वाटतं.

पावसाळ्याआधी पिशव्यांचा साठा वाढवून ठेवूया. २०१९ च्या ऑगस्टात शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली गेला होता, आठवतंय ना? माल माझ्याकडे माडीवर ठेवतो.

पुढच्या आठवड्यात येतोयस तर २४ तासांची लघवी आणि पिशव्यांचं पाणी एकाच दिवशी तपासायला देऊ. सकाळची पहिली लघवी टाकून मोजायला सुरुवात करायची, दुसऱ्या दिवशीची पहिली धरायची. मोठी बाटली मी आणून ठेवलीय.

तुझाच,
जुना दोस्त