पत्र्याच्या रॉकेटला एक कपाट द्या

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
स.न.वि.वि.

2024 च्या जुलैत वाघनखं साताऱ्यात आली, तेव्हा छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयाबाहेर नातवाचा हात धरून मीही रांगेत होतो. बाहेर पडताना त्याने विचारलं, "आजोबा, इथं चांद्रयान नाही?" तेव्हापासून हे पत्र मनात घोळतंय.

माझ्याकडे एक पतंग आहे. 1984 च्या एप्रिलमध्ये राकेश शर्मा सोयुझ टी-11 मधून अंतराळात गेले. पुढच्या संक्रांतीला वडिलांनी तो घरी केला. पांढऱ्या पतंगी कागदावर लाल कागदाचं यान, खिडकीच्या जागी बेगडाची टिकली. कण्णी अजून शाबूत आहे. डाव्या कोपऱ्यात मात्र खळीपायी कसर लागली आणि यानाचं टोक गेलं. सोबत पत्र्याचं रॉकेट. चावी दिली की त्यातून ठिणग्या उडायच्या, आता गंजलंय.

दोन्ही वस्तू एका संग्रहालयाला द्यायला गेलो. "खेळणी आम्ही घेत नाही," असं सांगून परत पाठवलं. फार लागलं मनाला.

वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय हवाई आणि अंतराळ संग्रहालयात खऱ्या यानांबरोबर अंतराळाची खेळणीही जपली आहेत. त्या संग्रहाचा पाया घालणारे पॉल गार्बर स्वतः पतंगवेडे. दुसऱ्या महायुद्धात नौदलाच्या नेमबाजीच्या सरावासाठी त्यांनी पतंग तयार केले. आणि एवढं लांब कशाला, पुण्यात दिनकर केळकरांनी अडकित्ते आणि दिवे जमवले, म्हणून आज ते पाहायला मिळतात.

चांद्रयान-3 ची कागदपत्रं इस्रो जपेल. पण 23 ऑगस्ट 2023 च्या संध्याकाळनंतर आमच्या पोरांनी ज्या पतंगांवर ते यान रंगवलं, ते पतंग कोण जपणार? संक्रांत सरली की ते विजेच्या तारांवर लोंबकळतात, पहिल्या वळवात त्यांचा लगदा होतो. मुद्दाम उचलून ठेवल्याशिवाय त्यातला एकही उरणार नाही.

नवी इमारत नको. साताऱ्याच्या संग्रहालयात एक कपाट द्या. कागदाला 50 लक्सपेक्षा जास्त उजेड नको, खाली आम्लविरहित कागद हवा, पत्र्याला दमट हवा लागू नये. प्रत्येक वस्तूशेजारी कुणी केली, कधी केली, कुठल्या गच्चीवरून उडवली, हे लिहून घ्या. आणि जिल्ह्यातल्या घरांना एकदा आवाहन करा. माळ्यावरून काय काय निघेल!

माझा पतंग नि रॉकेट मी कधीही आणून देईन. पतंग सपाट पेटीत ठेवलाय. नेणाऱ्याने त्याची घडी तेवढी घालू नये.

आपला,
साताऱ्यातील एक निवृत्त शिक्षक