घाटरस्त्यावर ‘लेझर’ दिवे कशासाठी?

महोदय,

गणेशोत्सव जवळ आला की गाड्यांची डागडुजी सुरू होते आणि गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानांत ‘लेझर हेडलाइट’ला मागणी वाढते. दुकानदार दिवा बॅटरीला जोडून भरदिवसा समोरच्या भिंतीवर मारून दाखवतो, निळसर पांढरा ठिपका उमटतो आणि गिऱ्हाईक भुलते. तोच दिवा रात्री समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांचे काय करील, हे त्या ठिपक्यावरून कळत नाही.

मुळात हे लेझर आहे का, हीच शंका आहे. मोटारींतले खरे लेझर दिवे २०१४ च्या सुमारास बीएमडब्ल्यू आय-८ आणि ऑडी आर-८ एलएमएक्स या महागड्या गाड्यांत आले. त्यांत लेझरचा किरण थेट रस्त्यावर पडत नाही. निळा किरण फॉस्फर या प्रकाश देणाऱ्या पदार्थाच्या थरावर सोडला जातो आणि त्यातून पांढरा प्रकाश निघतो. तोही केवळ अप्परच्या जोडीला, ठरावीक वेगाच्या पुढेच, आणि समोर वाहन दिसताच कॅमेऱ्याच्या साह्याने आपोआप आवरला जाणारा. काही हजारांत मिळणाऱ्या डबीत यातले काय असणार? बहुतेकदा आत साधा एलईडी असतो आणि ‘लेझर’ फक्त खोक्यावर.

खोक्यावरचे आकडेही तपासून पाहावेत. ‘३०,००० लुमेन’ (लुमेन हे प्रकाश मोजण्याचे एकक) आणि त्याखाली ‘५० वॅट’ असे छापलेले मी पाहिले आहे. म्हणजे वॅटमागे ६०० लुमेन! सगळ्या विजेचा, उष्णतेत काहीही न गमावता, प्रकाश झाला तरी पांढऱ्या प्रकाशाला वॅटमागे साडेतीनशे-चारशेच्या पुढे जाता येत नाही.

याहून गंभीर बाब हॅलोजनच्या जागी भलताच दिवा बसवण्याची आहे. आपल्या असंख्य गाड्यांत असलेल्या एच-४ या प्रकारच्या हॅलोजन बल्बमध्ये डिपरच्या तारेखाली (फिलामेंटखाली) धातूची एक छोटी वाटी असते. ती खालच्या बाजूचा प्रकाश अडवते, म्हणूनच डिपरचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत न जाता रस्त्यावर पडतो. मागचा परावर्तक त्या तारेची नेमकी जागा धरून घडवलेला असतो. तिथे एलईडीचा दिवा चुकीच्या जागी बसला की प्रकाश डिपरची मर्यादा ओलांडून वर उसळतो. चालकाला मात्र आपल्या पुढ्यातला रस्ता लख्ख दिसत असल्याने, समोरचा सारखा अप्पर-डिपर का मारतो आहे, हे त्याच्या लक्षातच येत नाही.

कोकणात तर दूरवर जाणाऱ्या झोताचा फारसा उपयोगच नाही. आंबोली किंवा फोंडा घाटात पुढचे वळण हाकेच्या अंतरावर असते. तिथे अर्धा किलोमीटर जाणारा प्रकाश दरीत किंवा डोंगराच्या कड्यावर पडतो आणि वळणाच्या आतली अंधारी बाजू तशीच राहते. चढणीला लागलेल्या गाडीचा झोत मुळातच वर रोखलेला असतो, तो उतरणाऱ्याच्या थेट डोळ्यांत जातो. पावसाळ्यातल्या धुक्यात हाच तीव्र प्रकाश थेंबांवरून परतून, पैसे मोजून दिवा लावणाऱ्याच्याच पुढे पांढरा पडदा उभा करतो. ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाला सुमारे १७ मीटर जाते, म्हणजे दोनच सेकंद डोळे दिपले तरी ती सुमारे ३३ मीटर आंधळेपणाने धावते. मोतीबिंदूची सुरुवात झालेल्या चालकाला तर याहून अधिक त्रास होतो. रस्त्याकडेने छत्री घेऊन चालणारा माणूस किंवा मधोमध बसलेले जनावर याच ३३ मीटरांत असू शकते.

लोकांची गरज खोटी आहे, असे मी म्हणत नाही. पुसलेले पांढरे पट्टे, रस्त्यावरचे गायब झालेले परावर्तक आणि बंद पथदिवे यांमुळे रात्री गाडी हाकणे जिकिरीचे होते. पण उन्हाने पिवळे पडलेले हेडलाइटचे प्लास्टिकचे आवरण पॉलिश करून घेतले, प्रमाणित बल्ब घातला आणि लाइटचे सेटिंग नीट करून घेतले, तर जुन्या गाडीचाही प्रकाश पुष्कळ सुधारतो, हे गॅरेजवाल्यांनी ग्राहकाला आवर्जून सांगायला हवे.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये समोरच्याचे डोळे दिपू नयेत यासाठी झोत खाली वळवलेला असावा, अशी तरतूद आहे आणि गाडीत नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२-अ खाली प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड होऊ शकतो. परंतु पावती फाडली जाते ती रस्त्यावर मालकाच्या नावाने, आणि दिवा विकणारा व बसवून देणारा नामानिराळा राहतो. तेव्हा परिवहन विभागाने उत्सवाच्या आधीच या दुकानांची तपासणी करावी, प्रमाणपत्र नसलेले दिवे विक्रीतून काढायला लावावेत आणि महामार्गावरील तपासणी नाक्यांवर कागदपत्रांबरोबरच डिपरचा झोतही पाहावा, ही विनंती.

आपला,
एक वाहनचालक वाचक, सावंतवाडी